मदत हवी आहे: नळीने अन्न द्यायला नकार दिला तर कॅथलिक शिकवणीत बसतं का?

मंडळी, आईला डिमेन्शिया आहे, शेवटची स्टेज. गिळता येत नाही, घास फुफ्फुसात जाऊन पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय. डॉक्टर म्हणतात पोटात नळी घालता येईल पण त्याने आयुष्य वाढेल किंवा न्यूमोनिया थांबेल अशी आशा ठेवू नका.

व्हेंटिलेटर नको यावर घरात एकमत आहे. पोप बाराव्या पायसनी १९५७ मध्येच डॉक्टरांना सांगितलं होतं की असाधारण उपाय करायलाच हवेत असं नाही, कॅटेकिझमच्या (चर्चच्या शिकवणीच्या अधिकृत ग्रंथाच्या) परिच्छेद २२७८ मध्येही तेच. अडलंय ते नळीवर. २००४ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे म्हणाले की नळीने दिलेलं अन्नपाणी हे उपचार नाहीत, साधी काळजी आहे, आणि दादा तेच धरून बसलाय. पण ते व्हेजिटेटिव्ह स्टेटमधल्या (डोळे उघडे पण भान नाही अशा) पेशंटबद्दल होतं ना? व्हॅटिकनच्या २००७ च्या खुलाशात शरीर अन्न पचवूच शकत नसेल किंवा नळीचाच खूप त्रास होत असेल तर अपवाद आहे.

फादरना विचारलं, ते म्हणाले सदसद्विवेकाने ठरवा, म्हणजे पुन्हा आमच्यातच वाद. आईने लेखी काही ठेवलेलं नाही. रुग्णाभिषेक (आजाऱ्यासाठीचा तेल लावण्याचा संस्कार) झालाय, त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह टीम येते, घेईल तेवढं चमच्याने भरवतो. इच्छामरणाचा प्रश्न नाहीये, कृपया तिकडे वळू नका.

फक्त एवढंच सांगा, गिळणं गेलेला डिमेन्शियाचा पेशंट त्या अपवादात बसतो का, आणि दादाला दाखवता येईल असं चर्चचं स्पष्ट मार्गदर्शन कुठे आहे?