मदत हवी आहे: बर्लिन मॅरेथॉनच्या आठवड्यात उगालीचं पीठ

सप्टेंबरअखेरच्या शर्यतीसाठी केनियातल्या इटेनहून (उंची साधारण 2400 मीटर) एक धावपटू बर्लिनला येतेय. वेळेचा फरक उन्हाळ्यात एकच तास, झोपेचं काही अडणार नाही. अडतंय उगालीवर, म्हणजे मक्याच्या पिठाच्या शिजवलेल्या घट्ट गोळ्यावर.

तिला पांढऱ्या मक्याचं बारीक पीठ लागतं. 300 मिली उकळत्या पाण्यात 150 ग्रॅम पीठ, आणि भांड्याची कड सोडेपर्यंत घोटायचं. सुपरमार्केटातला पोलेंटा पिवळा नि रवाळ, त्याचा तसा घट्ट गोळा होत नाही. ‘माइसश्टेर्के’ लिहिलेला पुडा तर नकोच; ते कॉर्नफ्लोर, नुसती खळ होते! पाच दिवसांना किलोभर पुरेल. नॉयकोल्न किंवा वेडिंगमधल्या कुठल्या आफ्रिकी दुकानात हमखास मिळतं?

मुरसिक म्हणजे कोळशाने घासलेल्या भोपळ्यात आंबवलेलं दूध सामानातून आणता येणार नाही, केनियातून दुग्धजन्य पदार्थ आणायला युरोपीय संघात प्रवाशांना मनाई आहे. त्याऐवजी केफिर हे आंबवलेलं दूध चालवून घेता येईल, कोळशाचा वास सोडून द्यायचा. पण शर्यतीच्या तोंडावर पोटाला नवीन काही नको, म्हणून तो इटेनमध्येच दोन आठवडे आधी सुरू करावा का?

आणि उंचीवरून उतरल्यावर दोन-तीन दिवसांत पळणं बरं, की दोन आठवडे आधी येणं? प्रत्यक्ष पळणाऱ्यांनी सांगा.