नवं मॉडेल आल्या आल्या घ्यावं का? तुमचे अनुभव सांगा

बरीच वर्षं मनात असलेल्या बाइकचं पूर्ण नवं रूप आलंय. एअर-कूल्डच्या जागी लिक्विड-कूल्ड इंजिन, नवी फ्रेम, मीटरऐवजी स्क्रीन. टेस्ट राइडने जीव जडला, पण गाडी रोज चालवायची आहे. पहिल्या लॉटमधली घेतलेल्यांनी आणि मुद्दाम थांबलेल्यांनीही सविस्तर लिहा.

*

मी पहिल्या लॉटमधली घेतली. इंजिन तापलं की कमी आरपीएमला गचके द्यायची, सिग्नलला क्लच दाबला की बंद पडायची. वर्कशॉपवाल्यांनी आधी पेट्रोलला दोष दिला, मग थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) साफ केली. शेवटी ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, नवं सॉफ्टवेअर आलं आणि गाडीचा स्वभावच बदलला. आजही तीच चालवतो, फार आवडते. घेणार असाल तर प्रत्येक तक्रार जॉब कार्डवर (वर्कशॉपमध्ये गाडी देताना भरतात त्या कागदावर) लिहून घ्या. तोंडी सांगितलेलं वॉरंटीच्या वेळी कुणाला आठवत नाही.

*

नवं म्हणजे नेमकं काय नवं, ते आधी बघा. टाकी, दिवा, सीट बदललंय आणि इंजिन-गिअरबॉक्स जुनाच आहे, तर खुशाल घ्या. इंजिनच नवं असेल तर मी वर्षभर थांबतो. मोठ्या कंपन्याही पहिल्या खेपेनंतर सुधारणा करतात. बीएमडब्ल्यूची आर १२०० जीएस २०१३ मध्ये नव्या लिक्विड-कूल्ड इंजिनासह आली. २०१४ च्या ॲडव्हेंचरमध्ये, म्हणजे त्याच जीएसच्या लांबच्या प्रवासासाठीच्या मॉडेलमध्ये, त्याच इंजिनाचं फ्लायव्हील (इंजिनाची गती एकसारखी ठेवणारं चाक) जड केलं, कमी वेगात ते आणखी सुरळीत फिरावं म्हणून. नंतर तो बदल साध्या जीएसलाही मिळाला. गाडी वाईट नव्हती, पण थांबलेल्यांच्या हाती जास्त चांगली आली. तुमच्या बाइकचं इंजिन नवंच आहे, म्हणून म्हणतो, थांबा.

*

मी जुनं मॉडेल जाता जाता घेतलं. सगळे दोष माहीत, सगळ्यांवर उपाय माहीत. समाधानी आहे.

*

मी गाड्या दुरुस्त करतो. नवं मॉडेल बिघडून जेवढं उभं राहतं, त्याहून जास्त पार्टसाठी उभं राहतं. गाडी उभ्या उभ्या पडली, लिव्हर वाकला, रेडिएटरला मार लागला, की जुन्या मॉडेलचा पार्ट त्याच दिवशी बसतो. नव्याचा मागवावा लागतो, आणि बाहेरच्या कंपन्यांचे पर्याय अजून आलेले नसतात. बुकिंगआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट काउंटरवर जाऊन ब्रेक पॅड, क्लच प्लेट, लिव्हर आहेत का, एवढं विचारा. शोरूममधल्या सेल्समनला विचारून उपयोग नाही.

*

वरच्यांशी सहमत, तरी मी घेतलीच आणि पुन्हा घेईन. घरात दुसरी गाडी आहे, त्यामुळे ही वर्कशॉपमध्ये राहिली तरी अडत नाही. रिकॉल निघाला, म्हणजे कंपनीने दोष असलेल्या गाड्या दुरुस्तीला परत बोलावल्या, तेव्हा चासी नंबर टाकून बघितलं, माझी गाडी त्यात होती, पार्ट फुकट बदलून मिळाला. तुमच्याकडे दुसरी गाडी आहे का, ते लिहिलं नाहीत.