क्लॅट (लॉची प्रवेश परीक्षा) इंग्लिश: इन्फरन्सचा प्रश्न दोन ऑप्शनवर येऊन अडकते, काय करू?

कापूसवाली:
मी यवतमाळ जिल्ह्यातली, बारावी आर्ट्स, मराठी मीडियम. पॅसेज समजतो, शब्दही आता बऱ्यापैकी येतात, पण 'यातून काय अनुमान निघते' असं विचारलं की चारातले दोन उडवते अन् उरलेल्या दोनात हमखास चुकीचंच धरते. कालच्या मॉक टेस्टमध्ये असे ७ होते, २ बरोबर. एक मराठीत सांगते. पॅसेजात होतं, पाऊस लांबला म्हणून तालुक्यातल्या बऱ्याच शेतकऱ्यांना दुबार पेरणी करावी लागली, बियाण्याचे भावही वाढले होते. मी लावलं, या शेतकऱ्यांवरचं कर्ज वाढलं. उत्तर निघालं, काही शेतकऱ्यांनी आधी एकदा पेरलं होतं. माय, हे काय अनुमान झालं, हे तं त्यातच आहे ना! आमच्या घरी दोनदा दुबार झाली, दोन्ही वेळा बाबांनी उसने आणले, मग माझं चूक कसं?

वणीचा_वकील:
ताई, हे उत्तर तुले वावरानं सांगितलं, पॅसेजनं नाई. कर्ज हा शब्द त्यात कुठी हाये? कोणाजवळ मागच्या कापसाचे पैसे असतील, कोणी घरचं सोयाबीन बियाण्याले ठेवलं असेल. असा एक जरी माणूस डोळ्यासमोर उभा करता आला की तो ऑप्शन बाद. आता दुसरा पाडून पाहाय, दुबार पेरली पण पहिली पेरलीच नाई असा मले दाखव. नाई सापडत ना? मग तेच. इन्फरन्सचं उत्तर बहुतेक असंच मिळमिळीत असते, वाचून वाटते हे काय विचारलं बावा. अन् पॅसेजात 'बऱ्याच' अन् ऑप्शनात 'सगळ्या' दिसलं तं तिथंच थांबजो.

रात्रपाळी:
वकीलभाऊचं बरोबर आहे पण एक अडचण, 'लेखकाला यातलं कोणतं मान्य होईल' असं विचारलं तर एवढी कडक चाळणी लावू नका, मी लावली तर चारही गळाले आणि १० मिनिटं गेली. तिथं लेखकाचा सूर पाहावा लागते. १२० प्रश्न अन् २ तास आहेत, एका पॅसेजवर बसून राहाल तर जीके राहून जाईल. आणि दोनावर आलात तर सोडू नका, चुकीला ०.२५ च कटते, अशा ४ प्रश्नांत २ बरोबर २ चूक आले तरी दीड मार्क हाती.

पाहुणा_अमरावतीचा:
एवढं इंग्लिश जड जाते तर राज्याची लॉ सीईटी द्या ना, मराठीत पेपर मिळते.

कापूसवाली:
ती पण देणारच आहे दादा, पण नागपूरच्या लॉ युनिव्हर्सिटीत क्लॅटच लागते.
वकीलदादा, सातही परत केले, असा माणूस शोधत शोधत. ५ आले. एकात मात्र माणूस सापडूनही उत्तर तेच दिलंय, मला तर आन्सर की चुकली वाटते. उद्या वेचणी आहे, रात्री टाकते तो.

वणीचा_वकील:
टाक. की पण चुकते कधी कधी.