मदत हवी आहे: सराव पाठाचे गुण आणि अभिप्राय वेगळे कसे ठेवायचे?

नमस्कार मंडळी,

यंदापासून छात्राध्यापकांच्या, म्हणजे शिक्षक होण्याचं प्रशिक्षण घेणाऱ्यांच्या, सराव पाठांचं निरीक्षण माझ्याकडे आलंय. पाठ बघायचा, तक्त्यात गुण भरायचे, खाली अभिप्राय लिहायचा, ही रीत. पण वही हातात पडली की गुण बघितले जातात आणि वही मिटते. लिहिलेलं पुढच्या पाठात कुठेच उतरत नाही.

त्याहून जास्त काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. प्रत्येक पाठाला गुण असल्यामुळे सगळे सोपे घटक निवडतात. अपूर्णांकांचा भागाकार घ्यायला कुणी धजत नाही. प्रश्नही हात वर करणाऱ्यांनाच, कारण उत्तर चुकलं तर पाठ फसल्यासारखा दिसतो. मग वर्गातल्या चुकीच्या उत्तराचं काय करायचं, हे ते शिकणार कधी?

रूथ बटलर यांच्या १९८८ च्या अभ्यासात नुसता शेरा मिळालेली मुलं पुढच्या कामात सुधारली, शेऱ्याबरोबर गुणही दिले तेव्हा तो फायदा दिसला नाही. तो अभ्यास शाळकरी मुलांवरचा, पण इथेही तेच घडतंय असं मला मनापासून वाटतं. अंतिम निकालासाठी गुण मात्र द्यावेच लागतात. कुणी यातून वाट काढली आहे का?

प्रतिसाद

कोणत्या पाठांना गुण आहेत ते सुरुवातीलाच जाहीर करा आणि ते सत्राच्या शेवटी ठेवा. बाकीचे पाठ बिनगुणांचे. त्या पाठांवर दहा सूचना लिहू नका. एकच लिहा, आणि तोच भाग थोड्याच दिवसांत पुन्हा घ्यायला लावा. १९६० च्या दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात सूक्ष्म अध्यापन (मोजक्या विद्यार्थ्यांपुढे एकाच कौशल्याचा छोटा सराव पाठ) सुरू झालं, त्यातही अभिप्रायानंतरचा पुनर्पाठ महत्त्वाचा होता. आपण नेमका तोच वेळेअभावी गाळतो.

शक्य असेल तर गुण देणारा निरीक्षक वेगळा असू द्या. मार्गदर्शकच परीक्षक असला की अडचणी लपवल्या जातात.

धागाकर्ता

मनापासून आभार! पुनर्पाठ लगेच सुरू करता येईल. वेगळा निरीक्षक मिळणं अवघड आहे, माणसंच कमी आहेत. एकाच व्यक्तीला दोन्ही करावं लागत असेल तर छात्राध्यापकांचा विश्वास कसा टिकवता, हे अनुभवी लोकांनी जरूर सांगावं.