गावची जुनी शाळा संग्रहालय होताना स्थापनेचे साल कोणते लिहावे?

प्रश्न (परळ)
संगमेश्वर तालुक्यातील आमच्या गावची मराठी शाळा नव्या इमारतीत गेल्यापासून जुनी कौलारू इमारत बंद पडून आहे. तेथे छोटेसे संग्रहालय करावे असे गावकऱ्यांनी आणि आमच्या मुंबई मंडळाने मिळून ठरवले आहे. छपरावरील मंगळुरी कौलांवर ‘१८६५’ असा ठसा असल्यामुळे फलकावर ‘स्थापना १८६५’ असे कोरावे, असे बहुतेकांचे म्हणणे आहे. मला ते पटत नाही. पक्का पुरावा कोठे मिळेल?

उत्तर (दादर)
आपली शंका रास्त आहे. बासेल मिशनचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ साली सुरू झाला आणि तेच साल पुढे वर्षानुवर्षे त्याच्या कौलांवर उमटत राहिले. ते कारखान्याचे साल आहे, तुमच्या शाळेचे नव्हे. शिवाय कोकणातल्या पावसात कौले किती वेळा बदलली गेली असतील, याचा हिशेब कोण ठेवतो? शाळा सुरू होणे आणि इमारत उभी राहणे या दोन गोष्टीही वेगळ्या धराव्यात, कारण पुष्कळ गावांत शाळा आधी देवळात किंवा कोणाच्या तरी पडवीत भरत असे.

उत्तर (गिरगाव)
मात्र तो काळ अगदीच अशक्य नाही. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडासाठी, म्हणजे स्थानिक कामांच्या निधीसाठी, घेण्यास सुरुवात झाली आणि त्यातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणाकडे वळल्यामुळे खेड्यापाड्यांत शाळा निघू लागल्या. त्यासाठी पुराभिलेखागारात शिक्षण खात्याचे जुने वार्षिक अहवाल पाहावेत. १८८० चे रत्नागिरी व सावंतवाडीचे गॅझेटियरही चाळावे. पण त्याआधी शाळेच्या कपाटातील दाखल-खारीज रजिस्टर आणि शेरेबुक शोधा. तपासणीला आलेले डेप्युटी, म्हणजे शिक्षण खात्याचे तपासनीस, पटावर किती, हजर किती, इमारत कशी, हे शेरेबुकात लिहून जात, आणि बांधकामाचा उल्लेख मिळाला तर तेथेच मिळेल.

उत्तर (नायगाव)
रजिस्टर सापडल्यास ते केवळ साल काढण्यापुरते वापरू नका. साताऱ्याच्या शाळेत ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर या नावाने झालेली नोंद आजही जपली आहे, कारण त्या एका ओळीत मोठा इतिहास आहे. तुमच्या गावात अस्पृश्य मानलेल्या वाड्यांतील पहिले मूल आणि पहिली मुलगी पटावर कधी आली, हे रजिस्टरच सांगेल. सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे आणि शाळा सर्वांना खुल्या करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. त्याच्या आधीची आणि नंतरची पाने शेजारी शेजारी लावली, तर ठराव गावापर्यंत पोहोचला की कागदावरच राहिला ते कळेल. ज्येष्ठांना भिंतीवरची ही मांडणी कदाचित रुचणार नाही, तरी ती गाळू नये. मूळ रजिस्टर वाळवी आणि दमटपणापासून दूर, बंद पेटीत ठेवा, भिंतीवर छायाप्रती लावा आणि हयात व्यक्तींच्या नोंदी त्यांच्या संमतीशिवाय दाखवू नका. फलकाचा दगड तूर्त कोराच राहू द्या.