आयुष्मान कार्ड आहे, मग गोळ्या का नाहीत?

प्रश्न: सोलापूरच्या पूर्व भागातील एका धर्मादाय दवाखान्यात मी काम करते. विड्या वळणाऱ्या एका मावशींनी परवा पिशवीतून शिधापत्रिका आणि आयुष्मान कार्ड काढून टेबलावर ठेवले व मधुमेहाच्या गोळ्या मागितल्या. ५ लाखांचे संरक्षण असूनही त्यांना नाही का म्हणावे लागते?

उत्तर १: कारण महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना आणि २०१८ पासूनची आयुष्मान भारत योजना या मुख्यतः रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहेत, दर महिन्याच्या गोळ्या त्यांत बसत नाहीत. साखर वाढून पाय चिघळला की मग योजना जागी होते, हे मला उफराटेच वाटते.

उत्तर २: सहमत आहे, तरी डायलिसिसचा खर्च ज्या घराने सोसला आहे, त्याला या कार्डाचे मोल विचारावे. रुग्णालय योजनेशी संलग्न असल्याची खात्री करून आधी तेथील आरोग्यमित्रांना, म्हणजे योजनेसाठी रुग्णांना मदत करणाऱ्या कर्मचाऱ्यांना, भेटावे.

उत्तर ३: ताई, मावशींना महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्रात पाठवा; तेथे मधुमेहाची नेहमीची औषधे मोफत असतात. अडचण रांगेची आहे, कारण मजुरी हजार विड्यांवर मिळते आणि रांगेत गेलेल्या वेळेची मजुरी बुडते.