42 गोल, 41 गोल: मग डीब्रिंकॅट इतका स्वस्त का गेला?

निळीरेषा: ट्रेडच्या (टीमांमधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीच्या) गप्पांत तरुण फॉरवर्डचं (हल्ला करणाऱ्या खेळाडूचं) वय आणि गोल एवढंच मांडलं जातं, म्हणून एनएचएल या आइस हॉकी लीगमधला जुलै 2022 बघा. मॅथ्यू टकाचुक आणि ॲलेक्स डीब्रिंकॅट: दोघेही विंगर (कडेचे फॉरवर्ड), जन्म डिसेंबर 1997, ड्राफ्ट (टीमांनी नवे खेळाडू निवडायची वार्षिक फेरी) 2016. आदल्या सीझनला एकाचे 42 गोल, दुसऱ्याचे 41. शिकागोने डीब्रिंकॅट ऑटवाला देऊन काय घेतलं? ड्राफ्टमधलं 7 वं आणि 39 वं पिक (निवडीचा हक्क), वर 2024 च्या तिसऱ्या फेरीचं एक. पंधरा दिवसांनी कॅलगरीने टकाचुक (आणि चौथ्या फेरीचं सशर्त पिक) देऊन फ्लोरिडाकडून 115 पॉइंटवाला (गोल आणि असिस्ट, म्हणजे गोलला दिलेले पास, मिळून) ह्युबर्डो, डिफेन्समधला वीगर, श्विंट आणि पहिल्या फेरीचं सशर्त पिक आणलं. आणि टीमच्या ताब्यातली वर्षं डीब्रिंकॅटचीच जास्त! तो 2024 ला कुठल्याही टीमकडे जायला मोकळा होणार होता, टकाचुक 2023 ला. शिकागोने मातीमोल विकला.

कॅपवाला: असहमत. ती वर्षं केवढ्याला पडतात ते बघा. डीब्रिंकॅटच्या कराराची सरासरी 64 लाख डॉलर, पण शेवटच्या वर्षाचा पगार 90 लाख. क्वालिफाइंग ऑफर (करार संपल्यावर खेळाडूवरचा हक्क राखायला टीमने द्यायची ऑफर) त्या पगारावर निघते. जुलै 2020 नंतरच्या करारांना सरासरीच्या 120 टक्क्यांची मर्यादा आहे. याचा करार मार्च 2020 चा, त्यामुळे सुटला. म्हणजे ऑटवाच्या हातात स्वस्त असं एकच वर्ष.

निळीरेषा: टकाचुकची ऑफरही 90 लाखांचीच होती की! शिवाय टीमने आर्बिट्रेशन (पगार लवादाकडून ठरवणं) मागितलं तर आकडा 85 टक्क्यांपर्यंत, म्हणजे साडेशहात्तर लाखांवर येऊ शकतो. 90 चा एवढा बाऊ कशाला?

कॅपवाला: आर्बिट्रेशनने पैसे वाचतात, वर्षं वाढत नाहीत. टकाचुकने कॅलगरीत दीर्घकाळ राहणार नाही असं सांगितलं, पण फ्लोरिडासाठी सही केली. 8 वर्षं फक्त स्वतःची टीम देऊ शकत होती, बाहेरच्या टीमला 7 ची मर्यादा. म्हणून सही कॅलगरीकडे, वर्षाला 95 लाखांवर, आणि लगेच ट्रेड. डीब्रिंकॅटची अशी सही नव्हतीच. ऑटवाने बाजारातल्या तुरीला किती मोजायचं?

तिसरीफळी: दोघंही गोल धरून बसलात. असिस्ट बघा: 62 आणि 37. टकाचुक नेटसमोर ठाण मांडतो, गोलीची नजर अडवतो, पक (खेळाची चकती) टिप करतो, म्हणजे स्टिकने वळवतो. सेंटर (मधला फॉरवर्ड) बदलला तरी त्याचं काम चालू राहतं. डीब्रिंकॅट नेमबाज आहे, त्याला पास देणारा लागतो. शिकागोत पॅट्रिक केन होता. ऑटवात गोल 27 वर आले.

निळीरेषा: ते 27 नंतरचे. भाव ट्रेडच्या दिवशी ठरतो. नाहीतर पुढच्याच सीझनला 55 पॉइंटवर आलेल्या ह्युबर्डोचं काय करायचं? त्याचा आणि वीगरचा करारही एकेकच वर्ष उरलेला होता. तिथे बरी तुरी पूर्ण भावाने धरली!

कॅपवाला: पूर्ण भाव कुठला, म्हणून तर दोन खेळाडूंवर पिक मागितलं. कॅलगरीचं बिनसलं ते ट्रेडनंतर: 29 वर्षांच्या ह्युबर्डोला आणखी 8 वर्षं, वर्षाला 1 कोटी 5 लाख. डीब्रिंकॅटचा खरा भाव 2023 ला ऑटवाने त्याला विकलं तेव्हा कळला. डेट्रॉइटकडून कुबालिक, सेब्रांगो, पहिल्या फेरीचं सशर्त पिक आणि चौथ्या फेरीचं एक, एवढंच आलं. सही 4 वर्षांची, 78.75 लाखांवर.

तिसरीफळी: पण त्या वेळी तो मिशिगनचा पोरगा लांबच्या करारासाठी घराकडेच बघतोय हे सगळ्या लीगला माहीत होतं. घेणारा एकच दिसला की भाव पडणारच. तो आकडा शिकागोच्या ट्रेडला लावू नका.